‘चालतोय ना अजून?’ : व्यवसायातला संगणक कधी बदलावा

२७ जून २०१७. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवत होती, आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातले संगणक ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने निकामी करून टाकले होते. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे आणि तो कोणत्या ट्रकवर चढवायचा आहे, ही सगळी माहिती संगणकातच होती. काम हाताने करायची वेळ आली आणि माल तुंबू लागला. जानेवारी २०१८मध्ये दावोस इथे मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी सांगितले, की कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

हल्ल्याचा शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाला. पुढे पसरण्यासाठी त्याने दोन वाटा धरल्या. एक वाट चोरलेल्या पासवर्डची, आणि दुसरी विंडोजमधल्या एका जुन्या छिद्राची. ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे साडेतीन महिने आधी दिलेली होती. मर्स्कचे काही सर्व्हर तेव्हाही विंडोज २००० या प्रणालीवर चालत होते, असे पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी नंतर लिहिले. त्या प्रणालीचा सपोर्ट २०१०मध्येच संपला होता. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीतही ‘चालतोय ना अजून, मग राहू दे’ हाच विचार कुठेतरी टिकून होता.

हाच विचार आपल्या आसपासच्या दुकानांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत, सीएंच्या कार्यालयांत आणि छापखान्यांत रोज ऐकू येतो. त्यात गैर काही नाही. चालती वस्तू टाकून न देणे हा काटकसरीचा चांगला संस्कार आहे, आणि दर तीन वर्षांनी नवा संगणक घ्या असे सांगणाऱ्याचा त्यात बहुधा फायदा असतो. पण संगणक ‘चालतो’ याचा अर्थ गेल्या वीस वर्षांत बदलला आहे. बटण दाबल्यावर पडदा उजळला, एवढ्यावर आता भागत नाही. माझे म्हणणे असे आहे, की संगणक बदलण्याचा निर्णय त्याच्या वयावरून किंवा नव्या मॉडेलच्या जाहिरातीवरून घेऊ नये. तीन प्रश्नांवरून घ्यावा. त्यातली सुरक्षेची छिद्रे आजही कोणी बुजवते आहे का? तो उद्या सकाळी बंद पडला, तर किती तासांचे आणि किती रुपयांचे काम अडेल? आणि आजचे काम तो आजच्या गतीने करतो का?

वेगाचे गणित बदलले

एके काळी फक्त तिसराच प्रश्न महत्त्वाचा होता. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये एक निरीक्षण मांडले, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होते आहे. १९७५मध्ये त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. हाच ‘मूरचा नियम’. १९९०च्या दशकात त्याचा परिणाम प्रत्येक कार्यालयात दिसत होता. तीन वर्षांपूर्वीच्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर रखडायचे आणि नवा संगणक आणला, की तेच काम झटक्यात व्हायचे. दर तीन-चार वर्षांनी संगणक बदलावा, हा रिवाज तेव्हाचा आहे. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातही डेस्कटॉप-लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षे आणि सर्व्हरचे सहा वर्षे धरले आहे.

पण २००४-०५च्या सुमारास एक मर्यादा आली. चिपवरचे घटक लहान होत राहिले, पण प्रोसेसरचे ठोके वाढवले की उष्णता आवरेनाशी झाली. इंटेलने तेव्हा पेंटियम मालिकेतल्या अधिक वेगवान चिपची योजनाच सोडून दिली आणि एका चिपवर दोन, चार, आठ गाभे (कोर) बसवण्याचा मार्ग धरला. व्हिडिओ संपादन, त्रिमिती आरेखन अशा कामांना त्याचा मोठा लाभ झाला. बिलिंग, पत्रव्यवहार, ईमेल, हिशेब अशा कामांना मात्र चार गाभे पुष्कळ झाले. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वीचा बऱ्यापैकी संगणक आजही टॅलीचे व्हाउचर तेवढ्याच सहजतेने नोंदवतो. साध्या कार्यालयीन कामासाठी प्रोसेसरचा वेग हे बदलण्याचे कारण जवळजवळ उरलेले नाही.

मग जुना संगणक का रखडतो? बहुतेक वेळा याचे उत्तर हार्ड डिस्कमध्ये सापडते. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये प्रत्येक तुकडा वाचण्यासाठी मुंडी जागेवर सरकावी लागते आणि तबकडी फिरून यावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्कसुद्धा अशी विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आसपासच करू शकते. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. साधी एसएसडीही तेवढ्याच वेळात हजारो वाचने करते. आजची विंडोज पार्श्वभूमीवर सतत लहानसहान फायली वाचत असते, म्हणून तबकडीची डिस्क सकाळी पंधरा-वीस मिनिटे १०० टक्के व्यग्र दिसते आणि माऊससुद्धा अडखळतो. अशा संगणकात काही हजार रुपयांची एसएसडी घातली आणि रॅम ४ जीबीवरून ८ किंवा १६ जीबीवर नेली, तर त्याला दोन-तीन वर्षांचे आयुष्य सहज मिळते. नवा संगणक घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडून रॅम भरली आहे, की डिस्क अडली आहे, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. ती जरूर द्यावीत.

सपोर्ट संपतो म्हणजे नक्की काय होते

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि तिचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधी विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ला आणि विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या तिन्ही प्रणालींचे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. लोकांचा गैरसमज नेमका इथे होतो. काहीच बिघडले नाही, मग घाबरायचे कशाला?

बिघाड दिसत नाही, कारण तो हळूहळू साचतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सापडलेल्या छिद्रांच्या दुरुस्त्या देते. प्रत्येक दुरुस्तीत काय बदलले, हे हल्लेखोरही बारकाईने तपासतात आणि त्यावरून मूळ छिद्र कुठे होते ते शोधून काढतात. विंडोज ११ आणि १० यांचा बराचसा गाभा समान आहे. त्यामुळे ११मधल्या दुरुस्तीवरून १०मधल्या छिद्राचा माग लागू शकतो. फरक एवढाच, की १०मधले ते छिद्र आता आपोआप बुजवले जात नाही. म्हणून मुदत संपल्यानंतर प्रत्येक महिन्यागणिक धोका वाढत जातो.

मग बाकीचे सॉफ्टवेअर पाठ फिरवू लागते. विंडोज ७चा सपोर्ट संपल्यावर तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३मध्ये क्रोम ब्राउझरनेही त्यावर नव्या आवृत्त्या देणे थांबवले. ब्राउझर जुना पडला, की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे नीट उघडेनाशी होतात. मग डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर मिळत नाही, नव्या प्रिंटरचाही मिळत नाही. बदलण्याची वेळ शेवटी येतेच, आणि ती नेमकी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी येते.

इथे एक गोष्ट वेगळी काढून पाहिली पाहिजे. नवी प्रणाली घेणे म्हणजे अपग्रेड, आणि असलेल्या प्रणालीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवणे म्हणजे अपडेट. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशे देशांमधल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या इंग्लंडमधल्या २३६पैकी ८० रुग्णालय-संस्था त्यात अडचणीत आल्या आणि हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या. तेव्हा सगळा दोष विंडोज एक्सपीवर टाकला गेला. नंतर तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले, तेव्हा बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७चे निघाले. त्या वेळी ती प्रणाली सपोर्टमध्ये होती. तिच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, फक्त ती बसवलेली नव्हती. नवा संगणक घेऊन अपडेट बंद करून ठेवणारे कार्यालय त्यामुळे जुन्या संगणकावाल्याहून फारसे सुरक्षित नसते.

विंडोज ११ असली, तरी तिच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला स्वतःची मुदत असते. होम आणि प्रो प्रकारांना साधारण २४ महिने, एंटरप्राइजला ३६. सेटिंगमध्ये जाऊन आवृत्तीचा क्रमांक पाहणे आणि तिची अखेरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे, हे काम कार्यालयातल्या एका माणसाकडे ठरवून द्यावे.

हा धोका आता कायद्याच्या कक्षेतही आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये ग्राहकांच्या माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवावी लागते. रुग्णांचे अहवाल किंवा सभासदांची आधार-पॅन माहिती मुदत संपलेल्या प्रणालीवर ठेवली असेल, तर ‘वाजवी काळजी घेतली होती’ असे म्हणणे कठीण जाईल.

विंडोज ११ची अट आणि अडलेले संगणक

आधीच्या बहुतेक बदलांत जुन्याच यंत्रावर नवी प्रणाली चढवता येत असे. या वेळी मायक्रोसॉफ्टने यंत्राचीच अट घातली. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर. आठवी पिढी २०१७च्या उत्तरार्धात आली. म्हणजे २०१७पर्यंत घेतलेले बहुतेक संगणक या अटीत अडकतात, मग ते कितीही धडधाकट असोत.

टीपीएमचे काम कुलपाच्या किल्ल्या सांभाळण्याचे आहे. डिस्क सांकेतिक स्वरूपात बंद करण्याची किल्ली डिस्कवरच ठेवली, तर डिस्क चोरणाऱ्याला किल्लीही मिळते. टीपीएम ती वेगळ्या चिपमध्ये ठेवते आणि संगणक सुरू होताना मूळ प्रोग्रॅममध्ये कोणी फेरफार केला नाही, याची खातरजमा करते. पुष्कळ संगणकांत ही चिप असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. म्हणून ‘तुमचा संगणक चालणार नाही’ असे कळल्यावर लगेच नवा घेऊ नये. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून कोणती अट अडते आहे ते पाहावे. टीपीएम किंवा सिक्युअर बूट अडत असेल, तर बायोसमधला एक पर्याय बदलून काम होऊ शकते. प्रोसेसर अडत असेल, तर त्या यंत्राची विंडोज ११साठीची वाट बंद आहे. अटी चुकवून ती चढवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात. पण अशा संगणकांना पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. व्यवसायाच्या यंत्रावर तो मार्ग घेऊ नये.

बंद पडण्याचा हिशेब

प्रणाली नवी असली, तरी धातू आणि प्लास्टिक झिजतेच. बॅकब्लेझ या बॅकअप सेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१३मध्ये आपल्या हजारो हार्ड डिस्कचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्या दीड वर्षात वार्षिक ५.१ टक्के डिस्क बिघडल्या, पुढच्या दीड वर्षात फक्त १.४ टक्के, आणि तीन वर्षांनंतर हे प्रमाण ११.८ टक्क्यांवर गेले. आजच्या डिस्क त्याहून टिकाऊ असतील, पण आलेखाचा आकार समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीला कारखान्यातले दोष बाहेर पडतात, मग शांततेचा काळ येतो, आणि नंतर झीज डोके वर काढते.

आपल्याकडे त्यात हवामानाची आणि विजेची भर पडते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्यांवर गंज चढतो. गावोगावच्या कमी-जास्त विद्युतदाबाने एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, लवकर जातो. धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला तापवतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. यातले सगळे बिघाड संगणक बदलण्याजोगे नसतात. रोज सकाळी तारीख चुकते आणि संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणतात, तेव्हा बहुतेकदा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि तो बदलायला अगदी थोडा खर्च येतो. एसएमपीएस, पंखा, रॅम, डिस्क हेही बदलता येतात. मदरबोर्ड गेला आणि त्या पिढीचा नवा बोर्ड बाजारात मिळत नसेल, तर मात्र जुने भाग शोधत बसण्यात अर्थ नाही.

निर्णय पैशांत मांडला, की सोपा होतो. एका कर्मचाऱ्याचा पगार महिना २०,००० रुपये धरू. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. रखडणाऱ्या संगणकामुळे त्याची रोज फक्त २० मिनिटे वाया गेली, तर ३०० दिवसांत शंभर तास जातात. म्हणजे वर्षाला सुमारे ९,६०० रुपये. एसएसडी आणि रॅम मिळून त्याहून कमी खर्चात बसत असतील, तर ते पैसे एका वर्षाच्या आत वसूल होतात. या आकड्यात काउंटरवरून परत गेलेले गिऱ्हाईक आणि उशिराच्या रिटर्नचा दंड धरलेलाच नाही.

दुसऱ्या बाजूला कर. आयकरात संगणकावर घटत्या शिल्लक पद्धतीने ४० टक्के घसारा मिळतो. ५०,००० रुपयांचा संगणक पहिल्या वर्षी वह्यांत ३०,००० वर येतो, मग १८,०००, १०,८००, ६,४८० आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस ३,८८८. जीएसटी नोंदणी असलेल्यांना करपात्र व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावरच्या १८ टक्क्यांची क्रेडिटही मिळते. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी घसारा निम्मा होतो. म्हणून संगणक घ्यायचाच असेल, तर तो ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या आत वापरात आणणे फायद्याचे ठरते. करासाठी मात्र खरेदी करू नये. सवलत म्हणजे खर्चाचा एक भाग परत मिळणे, आणि उरलेला भाग आपल्याच खिशातून जातो.

वाट पाहिली की स्वस्त मिळेल, ही जुनी समजूतही तपासून घ्यावी. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप मोठ्या प्रमाणावर उचलल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्या, आणि एसएसडीलाही त्याची झळ बसली. गरज ठरलेली असेल, तर केवळ स्वस्ताईच्या आशेने मुदत उलटू देऊ नये.

सॉफ्टवेअरमध्ये अडकलेले यंत्र

खरा पेच तिथे असतो, जिथे यंत्र बदलता येते, पण त्यावरचे काम हलवता येत नाही. आपल्या छापखान्यांइतका याचा अनुभव फार थोड्यांना असेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम यांनी मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली. त्यावर पेजमेकरमध्ये हजारो पुस्तके, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका तयार झाल्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१मध्ये आली. त्या काळच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यामुळे कित्येक ठिकाणी एक जुना संगणक त्या फायलींसाठीच जपून ठेवलेला असतो. फॉक्सप्रो किंवा डॉसवरचे हिशेब सांभाळणाऱ्या आडत दुकानांची आणि पतसंस्थांची गोष्टही अशीच. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते.

अशा यंत्राला सांभाळण्याची एक शिस्त आहे. पहिली गोष्ट, त्याचे इंटरनेट आणि कार्यालयाचे नेटवर्क पूर्ण तोडावे आणि फायलींची ने-आण तपासलेल्या पेनड्राइव्हनेच करावी. दुसरी, त्याच्या पूर्ण डिस्कची प्रतिमा घेऊन ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. शक्य असेल, तर ती नव्या संगणकातल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहावी. म्हणजे जुने यंत्र गेले, तरी काम उरते. सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टला लागणारे परवान्याचे डोंगल असेल, तर तिथे ही युक्ती अडू शकते, म्हणून आधीच पाहून ठेवावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, या वेळात मजकूर युनिकोडमध्ये आणि हिशेब चालू सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचे काम सुरू करावे. प्रकाशकांसाठी हे केवळ संगणकाचे काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले पुस्तक ई-बुक होत नाही, शोधता येत नाही, पुन्हा छापताना नव्याने टाइप करावे लागते. आपल्या भाषेचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर अशा यंत्रांत पडून आहे. तो वेळीच बाहेर काढायला हवा.

मधले मार्ग

लगेच बदलणे शक्य नसेल, तर तीन वाटा उरतात. पहिली, पैसे देऊन मुदत वाढवून घेणे. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्ट व्यावसायिकांना तीन वर्षांपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या विकते. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. उशिरा सामील झाले, तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर, म्हणजे जवळपास साध्या नव्या डेस्कटॉपची किंमत. या वाटेने एक वर्ष काढणे शहाणपणाचे असू शकते. तीन वर्षे काढण्याआधी मात्र नव्या यंत्राच्या किमतीशी ताळा घालून पाहावा.

दुसरी वाट लिनक्सची. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. विंडोज ११ला अपात्र ठरलेले यंत्र त्यावर उत्तम चालते. ब्राउझर, ईमेल, लिबरऑफिस एवढ्यावर भागणाऱ्या टेबलासाठी तो चांगला पर्याय आहे. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बायोमेट्रिक यंत्र, बिलाचा प्रिंटर यांचे ड्रायव्हर लिनक्सवर मिळतात का, हे एका यंत्रावर करून पाहिल्याशिवाय उडी घेऊ नये. तिसरी वाट यंत्रांची अदलाबदल करण्याची. नवा संगणक ज्याच्या कामात सर्वांत जास्त पैसा आणि माहिती फिरते त्याला द्यावा, आणि त्याचा सुस्थितीतला संगणक हलक्या कामाच्या टेबलावर सरकवावा.

कधी आणि कसे

निर्णय झाला, की वेळ निवडावी. प्रत्येक धंद्याला आपला हंगाम असतो. साखर कारखान्याने गाळपात, कापड दुकानाने दिवाळीआधी, शाळेने जूनमध्ये, सीएंनी जुलै-सप्टेंबरात आणि कोणीही मार्चअखेरीला प्रणाली बदलू नये. महिन्यातही जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा टाळून आठवडा निवडावा.

सगळे एकदम बदलू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अपडेट आधी थोड्या यंत्रांवर गेले असते, तर चूक तिथेच सापडली असती. आपल्या दहा संगणकांच्या कार्यालयालाही हेच लागू पडते. आधी एक यंत्र बदलावे, त्यावर एक पूर्ण महिना, म्हणजे बिल, पगार, रिटर्न, छपाई असे सगळे चक्र फिरू द्यावे. मगच बाकीची बदलावीत. त्याहून चांगली सवय म्हणजे दहांपैकी दोन संगणक दर वर्षी बदलणे. पाच वर्षांत फेरी पूर्ण होते, खर्च एकदम अंगावर येत नाही आणि सगळी यंत्रे एकाच वेळी म्हातारी होत नाहीत.

बदलाआधी बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे असे धरू नये. नव्या विंडोज ११मध्ये डिस्क आपोआप सांकेतिक होऊ शकते. अशा वेळी बिटलॉकर या तिच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली छापून तिजोरीत ठेवावी, नाहीतर बिघाडानंतर स्वतःचीच माहिती स्वतःला मिळणार नाही. जुना संगणक देण्याआधी फायली नुसत्या डिलीट करू नयेत, कारण त्या परत काढता येतात. पूर्ण डिस्क पुसून घ्यावी किंवा डिस्क काढून ठेवावी. यंत्र अजून उपयोगाचे असेल, तर लिनक्स घालून एखाद्या शाळेला द्यावे. निकामी असेल, तर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रालाच द्यावे. ई-कचऱ्यासाठी २०२२चे नियम आहेत आणि सर्किट बोर्डात शिसे असते. ते उघड्यावर जाळणाऱ्याच्या हाती पडू नये, एवढी जबाबदारी संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाची आहे.

या साऱ्याची सुरुवात एका कागदापासून करता येते. प्रत्येक संगणकाची एक ओळ. केव्हा घेतला, वॉरंटी कधीपर्यंत, प्रणालीची आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधी संपते, डिस्क कोणती, रॅम किती, त्याशिवाय कोणते काम अडते, शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला. हा तक्ता भरला, की दहांपैकी कोणते दोन या वर्षी बदलायचे, कोणत्यात फक्त एसएसडी घालायची आणि कोणत्याला हात लावायची गरज नाही, हे समोर दिसते. मग निर्णय विक्रेत्याच्या आग्रहावर किंवा बिघाडाच्या दिवशीच्या धावपळीवर राहत नाही. एवढा एक तास प्रत्येक व्यावसायिकाने येत्या महिन्याभरात काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.